बुऱ्हाणपूरचा उन्हाळा

मार्च २०१८ मधला एक शनिवार. सकाळची शाळा होती. आमच्या उर्दू शाळेच्या सातवीच्या वर्गात आम्ही मोगल बादशहांविषयी सांगत होतो आणि फळ्यावर एक ओळ लिहिली होती : मुमताज महल, मृत्यू १७ जून १६३१, बुऱ्हाणपूर. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि आमच्याकडच्या दखनीत म्हणाली, "सर, इत्ती धूप में वो लोगां वां कायको गए थे?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग पुस्तकी उत्तर दिले. खानजहान लोदीने बंड केले, अहमदनगरच्या निजामशाहीने त्याला आसरा दिला, म्हणून शाहजहान १६३० च्या मार्चमध्ये दख्खनच्या तोंडाशी, बुऱ्हाणपुरात येऊन बसला. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झालेले नव्हते. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ट्रकमधून पोती उतरवणे म्हणजे काय हे त्या घरात रोज बोलले जात असणार. तिने उन्हाविषयी विचारले होते आणि आम्ही तिला राजकारण सांगितले होते.

ही चूक आमच्या एकट्याची नाही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ऋतू जवळजवळ नसतातच. दसरा झाला की फौजा निघतात आणि पाऊस लागला की छावणी पडते, एवढाच काय तो हवामानाचा उल्लेख. मधले चार महिने माणसे कशी जगली, काय प्याली, कुठे निजली, याची चौकशी कोणी करत नाही.

उन्हाळा आमच्या जयसिंगपुरालाही आहे, पण तो सुसह्य म्हणावा असा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कडेला हे गाव व्यापारासाठी वसवले. गल्ल्या सरळ आखलेल्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. दुपारचा वारा या सरळ गल्ल्यांतून धुरळा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण संध्याकाळ झाली की कृष्णेकडून गारवा येतो. जवळच उदगावला कृष्णा आहे, पलीकडे शिरोळ तालुकाभर उसाची हिरवळ आहे. चाळीस अंशांवर पारा गेला की आम्ही त्याची बातमी करतो. उत्तरेकडच्या माणसाने हे ऐकले तर तो हसेल.

जाता जाता एक खुलासा करतो, कारण परगावचे लोक हमखास विचारतात. आमच्या गावाच्या नावातला जयसिंग म्हणजे मिर्झाराजा जयसिंग नव्हे. हे नाव शाहू महाराजांचे जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे आहे. मिर्झाराजा जयसिंगाची गाठ पडायची असेल तर ती बुऱ्हाणपुरातच पडते. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा हा सेनापती ऑगस्ट १६६७ मध्ये तिथेच वारला.

आमच्या थोरल्या बहिणीचे सासर बुऱ्हाणपूरचे. विणकरांचे घराणे आहे, पॉवरलूम आहेत. इचलकरंजीत खडखड ऐकत वाढलेल्या माणसाला बुऱ्हाणपुरात पहिल्या रात्रीही झोप लागते ती त्यामुळेच. शाळेला सुट्टी लागली आणि रमजान सुरू व्हायला अजून दहा दिवस होते. मनात मुलीचा प्रश्न होताच. मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने भुसावळ, आणि भुसावळहून पुढे तासाभराचा प्रवास. रावेर मागे पडले की मध्य प्रदेश लागतो, पण भाषा काही लगेच बदलत नाही. बुऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी सर्रास कानावर येते, आणि केळीचे घड तर जळगावात आहेत तसेच इथेही हातगाड्यांवर रचलेले असतात.

ऊन मात्र वेगळे. सकाळी नऊ वाजताच डोळ्यांपुढे पांढरे होते. बाराच्या आत दुकानांचे पडदे खाली येतात आणि चार-साडेचारपर्यंत रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. बहिणीच्या सासूबाई बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक कांदा घालतात. त्याने लू लागत नाही अशी त्यांची खात्री आहे. आम्ही विज्ञानाचे चार शब्द बोलून पाहिले, मग कांदा मुकाट्याने खिशात टाकला.

आणि तरी त्या शहरात उन्हाळ्याची मजा आहे, ती नाकारून चालणार नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडतात तेव्हा तापलेल्या फरशीतून जो वास उठतो, तो आमच्या पत्र्याच्या घरांत कधी मिळत नाही. खाटा वर जातात. माठाच्या तोंडाला ओले फडके बांधतात. कैरीचे पन्हे होते. रात्री दहानंतर सारे गाव पुन्हा उठल्यासारखे होते, मावा-जलेबीच्या कढईपुढे गर्दी होते, दराबा नावाची तुपातली मिठाई पाहुण्याच्या हातावर ठेवली जाते. दुपारी जोहरच्या नमाजला जामा मशिदीत जावे. आत पाऊल टाकताच अंगावरचे ऊन उतरते. फारुकी सुलतान आदिलशाहाने, म्हणजे राजा अलीखानाने, १५९० च्या सुमारास पुरी केलेली ही मशीद. तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृतातला शिलालेख आहे. आम्ही तो पाहत उभे राहिलो तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी कौतुकाने सांगितले, "दोनों ज़बानों में लिखा है, दोनों को पढ़ने वाले आते थे."

फारुकींनी हे शहर तापीच्या उत्तर काठावर वसवले आणि त्याला खुलदाबादेत चिरनिद्रा घेत असलेल्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या काठावरच्या वस्तीला त्यांचे खलिफा शेख जैनुद्दीन यांचे नाव मिळाले, ते जैनाबाद. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे आला. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बुऱ्हाणपूर होते. शहाजादे आले, सुभेदार आले, त्यांच्यामागे हजारो घोडे, हत्ती, उंट, नोकरचाकर आले. नदीकाठच्या मध्यम गावावर राजधानीचे ओझे पडले.

१६१० साली विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना इथे थांबला. त्याने शहर मोठे आहे हे मान्य केले, पण ते घाणेरडे आणि रोगट आहे, आणि याचे मोठे कारण खराब पाणी, असेही नोंदवून ठेवले. त्यानेच आणखी एक गंमत लिहिली आहे. किल्ल्यासमोर नदीत दगडी हत्ती कोरलेला होता, इतका हुबेहूब की पाणी प्यायला आलेल्या एका जिवंत हत्तीने त्याला धडक दिली आणि आपलेच सुळे मोडून घेतले. फिंचच्या वर्णनातला हा हत्ती सर्वांना आवडतो, मार्गदर्शक पुस्तकांतही तो येतो. पाण्याचे वाक्य मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आम्हाला ते वाक्य लागले, कारण खराब पाण्याने शहर कसे आजारी पडते ते आम्ही जवळून पाहिले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली. नदी आटत गेली की तिच्यात पाणी कमी आणि घाण जास्त होते, हा साधा हिशेब. आमच्या नात्यातली दोन घरे त्या साथीत आडवी झाली होती. उन्हाने माणूस मरतो हे दिसते. उन्हाळ्यातल्या पाण्याने मरतो तेव्हा कागदावर नाव रोगाचे लागते.

फिंच येऊन गेल्यावर पाचच वर्षांनी, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूरच्या पाण्याचे काम झाले. हे काम अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीतले. बैरामखानाचा हा मुलगा, बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणणारा आणि दोहे लिहिणारा. शालेय पुस्तकांत तो रहीम म्हणून भेटतो. दोहे पाठ करणाऱ्या मुलांना, हा माणूस सुभेदारही होता आणि त्याच्या अमलात जमिनीखालून पाणी आले, हे कोणी सांगत नाही.

काम असे आहे. शहराच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर. त्यांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत उताराने तापीकडे सरकतो. या सरकत्या पाण्याला वाटेत गाठायचे. त्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर विहिरीसारख्या उभ्या कुंड्या खणल्या आणि त्या तळाशी भुयाराने एकमेकींना जोडल्या. भुयाराला बेताचा उतार. पाणी कुंडी-कुंडीतून पुढे सरकते आणि शहरात येते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. एकाच भुयारावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. शहराला पाणी देणारी एकूण आठ बांधकामे होती, त्यांतली सहा उरली आहेत. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, आणि सर्वांत प्रसिद्ध तो खूनी भंडारा. पाण्याला लालसर छटा होती म्हणून खूनी, असे कोणी म्हणतो. कुंडीचे खूनी झाले असावे हे आम्हाला अधिक पटते.

इराणात यालाच कनात किंवा कारेझ म्हणतात, आणि ही विद्या तिकडूनच आली. आपल्याकडे बिदरलाही कारेझ आहे. मलिक अंबरने औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर काढली तीही याच सुमाराची. यातली खरी हुशारी अशी की पाणी शहरात पोचेपर्यंत त्याला सूर्य दिसतच नाही. ते आटत नाही आणि तापतही नाही. मे महिन्यात जमिनीवर चव्वेचाळीस अंश असताना आम्ही एका कुंडीच्या काठावर ओणवून पाहिले, तेव्हा तोंडावर आलेली हवा माठातून आल्यासारखी होती. खाली भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले दिसतात. हे थर आणि भोवतालच्या कूपनलिका, या दोहोंनी आता या पाण्याचा प्रवाह अडवत आणला आहे. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसास्थळांच्या संभाव्य यादीत खूनी भंडाऱ्याचे नाव आले.

हे कोणी केले म्हणून विचारले तर बहुतेक पुस्तके एक नाव सांगतात, इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकतुल अर्ज. आम्ही उर्दू शिकवतो म्हणून इथे अडलो. 'तबकातुल अर्ज' याचा अर्थच मुळी 'जमिनीचे थर' असा होतो. आईबापांनी बाळाचे नाव 'जमिनीचे थर' ठेवले असेल हे आमच्या गळी उतरत नाही. आमचा तर्क असा की कुठल्या तरी कागदात, जमिनीचे थर जाणणारा एक माणूस बोलावला, असे असावे आणि नकलता-नकलता विद्येचेच नाव माणसाला चिकटले असावे. तर्कच आहे, चुकीचाही असेल. पण तो खरा असेल तर त्या माणसाचे नाव आपल्याकडे नाहीच. आणि ज्यांनी कुदळीने ती भुयारे खणली, त्यांच्या नावांचा प्रश्नच नको.

राहणाऱ्यांची नावे मात्र आहेत. तापीच्या काठावर शाही किल्ला आहे, त्यात रंगीत नक्षीच्या छताचा हमामखाना आहे. पलीकडे जैनाबादेत आहूखाना, म्हणजे हरणांचे शिकारी उद्यान. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा वापर सांगितला आहे. सोरा मिसळलेल्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत राहायचे, पाव तासात पाणी थंड. दारांना वाळ्याचे पडदे, त्यांवर सतत पाणी मारणारे नोकर. आंब्याची तर केवढी हौस! दख्खनमधल्या 'बादशाह-पसंद' नावाच्या झाडाचे आंबे नीट पोचले नाहीत म्हणून शाहजहानने औरंगजेबाला पत्रातून खडसावल्याचे इतिहासात नमूद आहे. आणि 'मआसिरुल उमरा'त दिलेली कथा तर सर्वश्रुत आहे. शहाजादा औरंगजेब जैनाबादच्या आहूखान्यात फिरायला गेला असता, हिराबाई नावाच्या तरुणीने उडी मारून फांदीवरचा आंबा तोडला आणि शहाजादा तिथल्या तिथे घायाळ झाला. औरंगजेबाविषयी आपल्याकडे एवढे बोलले जाते, पण आंब्याच्या झाडाखाली उभा असलेला औरंगजेब कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. शाहजहान आला त्या वर्षी, १६३० मध्ये, गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस झाला नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने 'बादशाहनामा'त याची जी हकिकत दिली आहे, ती वर्गात पूर्ण वाचून दाखवता येत नाही. बकऱ्याच्या नावाखाली कुत्र्याचे मांस विकले गेले, मृतांची हाडे दळून पिठात मिसळली गेली, भाकरीसाठी जीव देऊ करूनही घेणारा मिळेना, असे तो सांगतो. लक्षात घ्या, हा बादशहाचा पगारी इतिहासकार आहे, शत्रूच्या गोटातला नव्हे. त्याच वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेतल्या गावांतून प्रेते ओढून बाहेर टाकताना पाहिली, आणि गुराढोरांच्या शेणातून धान्याचे दाणे वेचणारी माणसे पाहिली.

बादशहाने काहीच केले नाही असे नाही. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर उघडले. सोमवार हा तख्तावर बसण्याचा वार म्हणून दर सोमवारी बुऱ्हाणपुरात पाच हजार रुपये वाटले. असे वीस सोमवार, म्हणजे एक लाख. अहमदाबादेत आणखी पन्नास हजार. महसुलात सूटही दिली. पण त्याच वेळी बंजाऱ्यांचे तांडे माळव्यातून धान्य आणत होते ते मुख्यतः छावणीसाठी. माळव्यात धान्य होते, गुजरातेत माणसे मरत होती, आणि मध्ये बुऱ्हाणपुरात फौज जेवत होती. ताजमहालाचा खर्च त्याच लाहोरीने पन्नास लाख रुपये दिला आहे. हे दोन आकडे एका ओळीत लिहिले की हात थोडा थबकतो.

थबकतो त्याचे कारण सांगून टाकावे. हे आकडे घेऊन आमच्यावर धावून येणारे लोक आहेत, जणू शाहजहानच्या स्वयंपाकघराची चावी आमच्या आजोबांकडे होती. आणि दुसऱ्या बाजूला आपल्यातच असे लोक आहेत की लंगरचे सोमवार तेवढे मोजतात आणि पुढचे पान उलटतात. जयसिंगपूरच्या हमालाची मुलगी यांपैकी कोणाचीच वकील नाही. तिला ऊन माहीत आहे. तिला खरे सांगण्यात आम्हाला कमीपणा का वाटावा?

तर तो १६३१ चा उन्हाळा. हिजरी सन १०४०. मुमताज महलच्या वफातीची तारीख १७ जिल्काद अशी नोंदलेली आहे. तिथून मागे मोजत गेले की त्या वर्षीचा रमजान एप्रिल महिन्यात पडतो. म्हणजे दुष्काळातले पहिले रोजे भर एप्रिलचे होते. तापी आटलेली, खानदेशचा वारा, इफ्तारला काय होते ते खुदाच जाणे. जे एरवीच दिवस-दिवस उपाशी होते त्यांनी नियत कशी बांधली असेल, याचा विचार आम्ही बहिणीच्या गच्चीवर पडल्या-पडल्या बराच वेळ केला. ईद मेच्या सुरुवातीला झाली असणार. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ऐन उकाड्यात, बेगम चौदाव्या बाळंतपणात गेली. वय अडतीस. मुलगी जगली, तिचे नाव गौहर आरा. बेगमेला आहूखान्यात तात्पुरते दफन केले आणि डिसेंबरात मय्यत आग्र्याकडे निघाली. खूनी भंडाऱ्याचे पाणी, वाळ्याचे पडदे, हकीम, दाया, सारे हाताशी होते. बाळंतपण कोणालाच सोडत नव्हते, एवढे खरे.

हाच दुष्काळ इकडे देहूलाही पोचला होता. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली ती याच दिवसांत, आणि मुलगाही गेला. आग्र्याचा बादशहा आणि देहूचा वाणी एकाच अवर्षणाच्या काळात विधुर झाले, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात एकत्र लिहिलेली सापडलेली नाही. त्यांतल्या एकीची कबर जग पाहायला जाते, दुसरीची आठवण तुकोबांच्या चरित्रामुळे राहिली. बाकी कोणाचे काहीच राहिले नाही.

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी राजघाटावर गेलो होतो. मुले तापीत पोहत होती. पाणी कमी, मध्ये खडक उघडे पडलेले, आणि त्या खडकांवरून वीस-पंचवीस पोरे एकामागून एक उड्या टाकत होती. उन्हाळ्याची याहून मोठी मजा गरिबाच्या मुलाला कुठली? तिकीट नाही, कपडे लागत नाहीत. भाचा हट्ट करू लागला, मामू मी पण. आम्ही त्याचा हात धरून ठेवला होता, तेवढ्यात जयसिंगपूरहून सहकारी शिक्षकांचा फोन आला. आमच्या वर्गातला एक मुलगा मित्रांबरोबर कृष्णेवर गेला होता आणि डोहात बुडाला. बाकीचे काठावर होते, पण त्यांतल्या कोणालाच पोहता येत नव्हते.

तो हुशार वगैरे नव्हता. पहिल्या बाकावर बसायचा, कारण लांबचे दिसत नसे आणि चष्मा अजून झालेला नव्हता. त्या मार्चच्या तासाला मुलगी बोलल्यावर सर्वांत मोठ्याने हसला होता तो हाच. आम्ही दुसऱ्या दिवशीची गाडी धरली, पण दफनाला पोचू शकलो नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्यांत वय चुकले होते.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा सेहेचाळीसच्या वर गेला. त्या महिन्यात शहरात किती माणसे उष्णतेने दगावली हे आधी कोणालाच माहीत नव्हते. नंतर अभ्यासकांनी मृत्यूची नोंदवही घेऊन इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताळा केला, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. कुणाच्या नावापुढे हृदयविकार होता, कुणाच्या म्हातारपण. त्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा झाला, दक्षिण आशियातला पहिला. पुढे नागपूरनेही तसा केला. दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणपोया लावायच्या, दवाखान्यांना आधी सूचना द्यायची, अशी साधी कलमे आहेत त्यात. ती सुचायला आधी कोणीतरी नोंदवही मोजावी लागली.

रमजान उन्हाळ्यातच गेला. १६ जूनला ईद झाली आणि १८ तारखेला, सोमवारी, वर्ग भरला. मुले आता आठवीत होती आणि वर्ग आमच्याकडेच राहिला होता. नव्या हजेरीपटावर नावे मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवलेली. आम्ही सवयीने वाचत गेलो आणि ते नावही वाचले. वर्गात कोणी हलले नाही. मग मागच्या बाकावरून तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, वो नईं है."

लाल शाईची रेघ मारायची असते. ती मारली. मग पुस्तक मिटून त्या तासाला बुऱ्हाणपूर सांगितले : कुंड्या, भुयारे, सोमवारचे पाच हजार, एप्रिलचे रोजे, माळव्याचे धान्य. ते लोक उन्हात तिथे का गेले होते याचे उत्तर द्यायला आम्हाला तीन महिने लागले होते. एका मुलाने विचारले, एवढी माणसे मेली तर त्यांची कबरस्ताने कुठे आहेत? आम्ही तिथे शोधली नव्हती.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी, आम्ही हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पोहता येणाऱ्या मुलांची नावे लिहून घेतो. गेल्या एप्रिलमध्ये एक्केचाळीस मुलांत नऊ हात वर आले. त्यांत मुलींचा एकही नव्हता.